साथीच्या दिवसांतील बालवीर

बालवीरांची चळवळ तीन गोष्टींवर उभी आहे: मोकळें मैदान, समवयस्कांची सोबत आणि दुसऱ्याच्या उपयोगीं पडण्याची संवय. इ. स. २०२० च्या मार्च महिन्यांत या तिन्ही गोष्टींना एकदमच मनाई झाली. मैदान बंद, सोबत बंद, शेजाऱ्याच्या दारीं जाणेंही बंद. पुस्तकी शिक्षणास घरचा एखादा कोपरा पुरतो. परंतु जिचें सारें शिक्षण उघड्यावर व एकमेकांच्या संगतींत व्हावयाचें, त्या चळवळीनें अशा वेळीं करावें तरी काय? आमच्या भाषेंत रोगाच्या फैलावासही ‘साथ’ म्हणतात आणि माणसाच्या सोबतीसही ‘साथ’च म्हणतात. एकीनें दुसरीस हुसकून लावलें, तेव्हां या मुलांनीं काय गमावलें व काय राखलें, याचा हिशेब मांडून ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें. कारण साथ ओसरली कीं तिची आठवण फार लवकर बुजते, आणि पुढच्या साथीच्या वेळीं सर्व कांहीं पुन्हां पहिल्यापासून शिकावें लागतें.

हा विचार आम्ही शहराच्या नव्हे, बिद्रीसारख्या गांवाच्या दृष्टीनें करणार आहों. कोल्हापुराहून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील, कागल तालुक्यांतलें हें गांव दूधगंगा व वेदगंगा या दोन नद्यांचीं नांवें धारण करणाऱ्या सहकारी साखर कारखान्यामुळें सर्व जिल्ह्यास माहीत आहे. मुंबईंत शिवाजी पार्कावर बालवीरांचें स्वतंत्र सभागृह आहे. खेड्यांतलें पथक म्हणजे शाळा, शाळेचें पटांगण आणि एखादा हौशी शिक्षक, एवढेंच. शाळेला कुलूप लागलें कीं पथकालाही लागलें. म्हणून मोठ्या संघटनांनीं जे उपाय योजले ते खेड्यापर्यंत पोंचले काय, यावरच त्यांचा खरा कस लागतो.

या भागास साथ नवी नव्हती. १८९६ सालीं मुंबईंत शिरलेला प्लेग पुढें दक्षिण महाराष्ट्रांत पसरला, आणि शाहू महाराजांच्या कारकीर्दींत कोल्हापूर संस्थानानेंही त्याचे घाले सोसले. त्या काळीं उंदीर मरून पडूं लागले कीं लोक घरें सोडून रानामाळांत झोपड्या घालून राहात. प्लेगचें मूळ घरांतल्या उंदरांत व पिसवांत असल्यामुळें घराबाहेर पडण्यांतच शहाणपण होतें. कोविडचा विषाणु श्वासावाटे माणसाकडून माणसाकडे जाणारा, म्हणून या खेपेस सरकारची आज्ञा बरोबर उलट झाली. प्लेगच्या वेळीं अख्खीं गांवें नाइलाजानें छावणींत गेलीं; कोविडच्या वेळीं छावणीची आवड असलेलीं मुलें घरांत कोंडलीं गेलीं. साथीचा उपाय नेहमीं एकच नसतो, रोग कोणत्या वाटेनें येतो तें पाहून वागावें लागतें, हा या दोन आठवणींतून निघणारा पहिला धडा होय.

प्लेग आला तेव्हां बालवीरांची चळवळ जन्मलीही नव्हती. १८९९-१९०० मध्यें दक्षिण आफ्रिकेंतील मफेकिंगच्या वेढ्यांत लहान मुलांनीं निरोप पोंचविण्याचें काम चोख केलें, तें सेनापति बेडन-पॉवेल यांच्या मनांत राहिलें. १९०७ च्या ऑगस्टांत त्यांनीं ब्राउनसी बेटावर वीस मुलांची छावणी भरविली, आणि त्या वीस जणांचेही चार लहान संघ पाडले. पुढच्या वर्षीं त्यांचें पुस्तक निघालें व चळवळ जगभर गेली. हिंदुस्थानांत ती १९०९ त आली खरी, परंतु प्रथम केवळ युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरती. हिंदी मुलांसाठीं १९१६ मध्यें अ‍ॅनी बेझंट यांनीं मद्रासेस निराळी संस्था काढली. त्याच सुमारास अलाहाबादेस पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनीं सेवा समितीच्या बालवीरांचा पाया घातला. या निरनिराळ्या प्रवाहांतून वाढलेल्या संस्था स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजीं, ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ या नांवाखालीं एकत्र आल्या व १९५१ त वीरबालाही त्यांना मिळाल्या.

म्हणजे १९१८ चा इन्फ्ल्युएंझा आला तेव्हां हिंदी बालवीर अगदीं बाल्यावस्थेंत होता. ती साथ जूनमध्यें मुंबईंत उतरली आणि पावसाळ्याच्या अखेरीस दुप्पट जोरानें उलटली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशीं मुंबई शहरांत ७६८ माणसें दगावलीं. साऱ्या हिंदुस्थानांतील मृत्यूंचे अंदाज एक कोटि वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ या एकाच दशकांत आपल्या देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. सरकारी दवाखाने अपुरे पडले, तेव्हां मुंबईंत खाजगी संस्थांचे स्वयंसेवक औषधें घेऊन वस्त्यांत शिरले. नारायण मल्हार जोशी यांनीं १९११ त स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या कार्यांत रात्रीच्या शाळा व वैद्यकीय मदत यांच्या जोडीला बालवीरांचीं पथकेंही होतीं. सेवा आणि बालवीरपण या गोष्टी त्या काळीं अशा एकाच छपराखालीं नांदत होत्या. तिकडे न्यूयॉर्क शहरांत रस्त्यावर थुंकणाऱ्यास गांठून, तुम्ही आरोग्याचा नियम मोडीत आहां, अशा अर्थाची चिठ्ठी त्याच्या हातीं देण्याचें काम बालवीरांकडे होतें.

१९१८ मध्यें बालवीर रस्त्यावर दिसतो आणि २०२० मध्यें तो घरांत दिसतो, यावरून आजचीं मुलें भित्रीं किंवा आजचे आईबाप फाजील काळजीखोर ठरवूं नये. १९१८ च्या रोगानें वीस ते चाळीस या भर उमेदीच्या वयाचीं माणसें विशेषेंकरून नेलीं. कोविडचा मारा वृद्धांवर अधिक होता, आणि मुलांना पुष्कळदां कांहींएक त्रास न होतां तीं रोगाचीं वाहक होऊं शकत. ज्या घरांत नातू व आजी एकाच खोलींत निजतात, त्या घरीं नातवानें सेवेसाठीं गांवभर हिंडणें म्हणजे आजीच्या उशाशीं रोग आणून ठेवणें होतें. ज्याला ‘रोज एक सत्कृत्य’ शिकविलें त्याला न जाणें, न भेटणें, न शिवणें हेंच सत्कृत्य म्हणून शिकावें लागलें. असल्या सत्कृत्याला टाळ्या नाहींत व बिल्लाही नाहीं. म्हणूनच तें कठीण.

चळवळीनें आपल्यापरी मार्ग काढले. डाव्या हाताचें हस्तांदोलन गेलें, पण तीन बोटांचें वंदन दुरूनही करतां येई. बालवीरांचीं आकाशवाणीवरील संमेलनें १९५८ पासून व पुढें संगणकांच्या जाळ्यावरील संमेलनें भरतच होतीं. ती जुनी वाट कामीं आली आणि ३ ते ५ एप्रिल २०२० या तीन दिवसांत घरांत अडकलेल्या मुलांसाठीं जागतिक संघटनेनें त्यांचें खास अधिवेशन भरविलें. ब्रिटनमधील संघटनेनें मुलांनीं आपापल्या घराजवळ एकेक मैल चालावें व सर्वांची चाल मिळून चंद्राचें अंतर भरावें असा उपक्रम काढला. मिसर देशांत भरावयाची जागतिक परिषद एक वर्ष लांबली व १९२१ नव्हे, तर पुरत्या शंभर वर्षांनंतरच्या २०२१ च्या ऑगस्टांत पडद्यावरच उरकावी लागली. आपल्या देशांत ठिकठिकाणच्या बालवीरांनीं व वीरबालांनीं कापडी मुखपट्ट्या शिवून वांटल्या. या कामास घराबाहेर पडावें लागत नव्हतें, तें हातांना वळण लावणारें होतें आणि त्याचा उपयोग तत्काळ होता. म्हणून या सर्व उपक्रमांत आम्ही त्यास पहिला मान देतों.

आतां हें सारें बिद्रीसारख्या गांवाच्या मापानें मोजून पाहूं. पडद्यावर दोरीची गांठ शिकवितां येते, दिशा ओळखण्याची रीत सांगतां येते, प्रार्थनाही म्हणतां येते. परंतु जेथें घरांत एकच मोबाइल असतो व तोही बापाबरोबर शेतावर किंवा कामावर जातो, तेथें पथकाची सभा बाप परत आल्यावरच भरणार. दोन भावंडें शिकत असलीं तर गणिताच्या तासापुढें बालवीराच्या तासाचा नंबर लागणें कठीण. शाळेच्या खोल्याही मोकळ्या नव्हत्या. मुंबई-पुण्याहून परतलेल्या लोकांस गांवोगांव शाळांतूनच वेगळें ठेवण्यांत आलें, आणि जो शिक्षक पथक चालवी त्याच्याच गळ्यांत साथीचीं कामें पडलीं. २०२० च्या नोव्हेंबरांत वरचे वर्ग व २०२१ च्या जानेवारींत पांचवीपासूनचे वर्ग उघडले, तोंच दुसऱ्या लाटेनें ते मिटले. ग्रामीण भागांतील पांचवीपासूनच्या शाळा रीतसर उघडल्या त्या ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं. दीड वर्षाहून अधिक काळ असा गेला.

त्यांतच कोल्हापूर जिल्ह्याच्या वांट्यास आणखी एक विपत्ति आली. २०१९ च्या ऑगस्टांतील महापुराची आठवण ताजी असतां, २०२१ च्या जुलैंत पुन्हां पूर आला, आणि त्या वेळीं जिल्ह्यांत कोविडचाही जोर होता. पुरांत माणसांना एका छपराखालीं आणावें लागतें. साथींत त्यांना दूर ठेवावें लागतें. एकाच रात्रीं दोन्ही गोष्टी कशा कराव्या, या पेंचांत मोठमोठे अधिकारी सांपडले. बालवीराच्या ‘तयार रहा’ या ब्रीदाचा अर्थ अशा रात्रीं कळतो. कोणत्या घरांत अंथरुणाला खिळलेलें माणूस आहे, कोणाचें औषध कधीं संपतें, कोणत्या म्हातारीस ऐकूं येत नाहीं, हें ज्यास आधींपासून ठाऊक आहे तो घरीं बसूनही उपयोगी पडतो. ज्यास ठाऊक नाहीं त्याचा गणवेश कितीही कडक इस्त्रीचा असो, तो गर्दींत भर मात्र घालतो.

या काळांत जें गेलें तेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. बालवीराचें वय सुमारें दहा ते सतरा. प्रवेश, प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटीं राष्ट्रपति पुरस्कार, अशी ही चढण आहे. २०२० त पंधरा वर्षांचा असलेला मुलगा शाळा उघडेतों सोळा-सतराचा झाला. त्याची पहिली छावणी, पहिली शेकोटी आणि चुलीवर करपलेली पहिली भाकरी त्याला परत देणें कोणाच्याही हातीं नाहीं. राष्ट्रीय मेळाव्याचें तसें नसतें. म्हैसूरचा मेळावा २०१६ च्या अखेरीस भरला, पुढचा राजस्थानांत पालीजवळ २०२३ च्या जानेवारींत भरला. मधें सहा वर्षें गेलीं, तरी मेळावा मेळावाच राहिला. संस्था वाट पाहूं शकते, बाल्य वाट पाहात नाहीं. म्हणून छावणीवांचून मिळालेल्या प्रशस्तिपत्राला आम्ही छावणीचें मोल देऊं शकत नाहीं. मुलाचा त्यांत दोष नाहीं. परंतु जें शिकविलें गेलें नाहीं तें शिकविलें असें कागदानें म्हणूं नये. अशा मुलांना वय उलटल्यावरही एकदां छावणींत बोलावून घेणें हाच त्यावरचा प्रामाणिक उपाय होता, आणि ज्या शिक्षकांनीं तो केला असेल त्यांनीं चळवळीचें ऋण फेडलें असें आम्ही म्हणूं.

यावर कोणी म्हणतील कीं, पडदा नसता तर चळवळीचा धागाच तुटला असता. तो टिकला हें काय थोडें? हें म्हणणें खोटें नाहीं. एकमेकांचे चेहरे दिसत राहिले, दूरदेशींच्या मुलांशीं ओळख झाली, हा लाभच होय. मात्र ज्यांच्या घरीं पडदा होता त्यांचा धागा टिकला. ज्यांच्या घरीं नव्हता त्यांची गणती कोणत्याही संमेलनाच्या आंकड्यांत झाली नाहीं. बालवीरांत गरीब-श्रीमंतांचा एकच गणवेश असतो तो हा भेद पुसण्यासाठीं. साथीनें तो भेद पुन्हां उघडा पाडला.

आमच्या मतें याचें उत्तर चळवळीच्या जन्मांतच आहे. वीस मुलांचेही चार संघ पाडणाऱ्यास लहान मंडळाचें बळ ठाऊक होतें. पथक शाळेचें असावें. परंतु त्यांतले संघ गल्लीचे, वस्तीचे, वाडीचे असावेत. एका गल्लींतलीं सहा मुलें रोज एकमेकांस दिसतातच. बंदी उठतांच सर्वांत आधीं तींच अंतर राखून एकत्र येऊं शकतात, आणि बंदी असतां ओट्यावरून ओट्यावर निरोप देऊं शकतात. त्यांच्यापाशीं आपल्या गल्लींतील वृद्धांची, आजाऱ्यांची व एकट्या राहणाऱ्यांची वही असावी, आणि ती दर सहा महिन्यांनीं नवी व्हावी. यास खर्च नाहीं, वीज लागत नाहीं, मोबाइलही लागत नाहीं. पुढची साथ कोणत्या वाटेनें येईल हें आज कोणी सांगूं शकणार नाहीं. ती प्लेगसारखी घराबाहेर काढील किंवा कोविडसारखी घरांत कोंडील. दोन्ही प्रसंगीं ती वही उपयोगी पडेल, आणि ती लिहिण्याचें काम शाळा उघड्या आहेत तोंवरच करून ठेवलें पाहिजे.