ख्रिस्ती धर्मविचार आणि लोकसंस्कृती : रायपूरचा एक प्रसंग

सन 1868 मध्ये ऑस्कर लोर नावाचे जर्मन मिशनरी रायपुरास येऊन पोहोचले. नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन तेव्हा चौदा वर्षे झाली होती. छत्तीसगडात आगगाडी अद्याप यावयाची होती. लोर या देशाला अगदीच अपरिचित नव्हते. पूर्वी त्यांनी रांचीकडे काम केले होते. सत्तावन्नच्या उठावात ते सोडून ते अमेरिकेस गेले आणि तेथील जर्मन ख्रिस्ती मंडळींच्या एका संस्थेने त्यांना पुन्हा हिंदुस्थानात पाठविले. रायपुरास येताच ज्या समाजाकडे त्यांचे लक्ष वेधले, तो सतनामी पंथाचा समाज होय.

या पंथाचे प्रवर्तक गुरू घासीदास यांचा जन्म 1756 मध्ये गिरोदपुरी येथे झाला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या चामार समाजाला त्यांनी सांगितले की, ईश्वर एक आहे, तो निराकार आहे, ‘सतनाम’ हेच त्याचे नाव आहे. मूर्तिपूजा नको, जातिभेद नको, मद्यमांस नको. 1850 मध्ये ते निवर्तले, तेव्हा छत्तीसगडच्या मैदानात गावोगाव त्यांचे अनुयायी पसरले होते. एकेश्वरवाद मानणारा, मूर्ती आणि जात या दोहोंचा त्याग केलेला हा समाज पाहून लोर यांना वाटले की, ख्रिस्ती धर्माचे बी पडण्यासाठी ही भूमी जणू आधीच नांगरून ठेविलेली आहे. पंथाच्या गुरूंची गादी भंडार या गावी होती. तेथे लोर गेले, तेव्हा त्यांचे स्वागतही झाले. सारा पंथच एक दिवस ख्रिस्ताला शरण येईल, अशी आशा त्यांच्या मनात उभी राहिली.

ही आशा एका जानव्यापाशी अडली. पहिल्या काही सतनाम्यांना बाप्तिस्मा देण्याची वेळ आली, तेव्हा त्यांच्या गळ्यातील जानवे उतरविण्यात आले. बातमी पसरली आणि पंथात संतापाची लाट उसळली. काल ज्याचे स्वागत केले, त्याच्याकडे लोक आज संशयाने पाहू लागले.

लोर यांचा विचार त्यांच्या दृष्टीने सरळ होता. ख्रिस्तात उच्चनीच भाव नाही. जानवे हे जातीच्या उच्चत्वाचे चिन्ह. म्हणून ख्रिस्ती झालेल्या माणसाने ते टाकले पाहिजे. या तर्कात तत्त्वाची चूक नाही. चूक आहे ती अर्थ लावण्यात. सतनाम्याच्या गळ्यात जानवे आले कोठून, हा प्रश्न विचारावयाचा राहून गेला. घासीदासांचे पुत्र बालकदास यांनी आपल्या अनुयायांना ते घालावयास दिले होते. ज्यांना शास्त्राने आणि रूढीने जानव्याचा अधिकार नाकारला, त्यांनी ते आपण होऊन धारण केले, आणि त्याबद्दल वरच्या जातींचा रोष पत्करला. 1860 मध्ये बालकदासांची हत्या झाली. हे सारे घडून दहा वर्षेही उलटली नव्हती. तात्पर्य, ब्राह्मणाच्या खांद्यावर जे जानवे जातिभेदाची खूण होते, तेच सतनाम्याच्या खांद्यावर जातिभेदाला दिलेले आव्हान होते. लोर यांना त्यात दास्य दिसले. घालणाऱ्याला त्यात स्वाभिमान दिसत होता.

वस्तुतः ख्रिस्ती धर्मविचारापुढे हा प्रश्न नवा नव्हता. इसवी सन 50 च्या सुमारास यरुशलेम येथे प्रेषितांची जी सभा भरली, तिच्यापुढे असाच शरीरावरील खुणेचा प्रश्न होता. यहुदी नसलेल्या माणसाला ख्रिस्ती व्हावयाचे तर त्याने आधी सुंता करून यहुदी झाले पाहिजे काय? नाही, असा निर्णय त्या सभेने दिला. ख्रिस्ताकडे येणाऱ्याने दुसऱ्या लोकांची संस्कृती अंगावर घेण्याची गरज नाही, हे तत्त्व त्या दिवशी मान्य झाले. त्याच तत्त्वाची दुसरी बाजू मात्र संदिग्ध राहिली : येणाऱ्याने आपली स्वतःची संस्कृती कितपत सोडावी?

प्रत्यक्ष जानव्याचा वादही हिंदुस्थानात पूर्वी होऊन गेला होता. 1606 मध्ये मदुरेस आलेल्या रॉबर्टो दे नोबिली या इटालियन जेझुइटाने संन्याशाची वृत्ती स्वीकारली आणि आपल्या ब्राह्मण शिष्यांना शेंडी व जानवे ठेवू दिले. ही चिन्हे सामाजिक आहेत, उपासनेची नव्हेत, असा त्याचा युक्तिवाद होता. वाद रोमपर्यंत गेला, आणि 1623 मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी काही अटींवर त्याची बाजू मान्य केली. मदुरेस जानवे राखले गेले, त्याबरोबर जातीचा अभिमानही राखला गेला. रायपुरास जानवे काढले गेले, त्याबरोबर नव्याने मिळविलेला मानही काढला गेला. सूत तेच, पण एका ठिकाणी सहिष्णुतेने विषमता सांभाळली आणि दुसऱ्या ठिकाणी समतेच्या नावाने समतेचेच चिन्ह तुटले.

सामुदायिक धर्मांतर काही झाले नाही. लोर यांनी रायपूरच्या उत्तरेस पडीक जमीन घेऊन विश्रामपूर हे गाव वसविले. शाळा निघाली, औषधे मिळू लागली, आणि मिशन त्या गावाचे मालगुजार झाले. एकेक कुटुंब, मग त्याचे सोयरे, अशा क्रमाने ख्रिस्ती मंडळी वाढत गेली. तेथेही संस्कृतीचा प्रश्न मिटला नाही. छत्तीसगडात पहिला विवाह मोडल्यावर स्त्रीला नव्या पतीने बांगड्या भरावयाच्या, म्हणजे ‘चूडी’ घालावयाची, आणि तिला पत्नी म्हणून घरी न्यावयाचे, अशी रीत होती. मिशनऱ्यांना तो व्यभिचार वाटे. गावकऱ्यांना तो रीतसर पुनर्विवाह वाटे. मंडळीच्या नियमांनी मनाई केली, तरी ही रीत ख्रिस्ती घरांतून सहजासहजी गेली नाही. माणसे बाप्तिस्मा घेताना आपली सारी नाती वेशीबाहेर ठेवून येत नाहीत, हाच त्याचा अर्थ.

रायपूरच्या पश्चिमेस राजनांदगाव आहे. पुढे नागपुराहून तेथपर्यंत आगगाडी आली, आणि त्याच गाडीत या प्रश्नाला एक निराळे उत्तर जन्माला यावयाचे होते. 1893 च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगावास निघाले असता एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचावयास दिला. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी मात्र ख्रिस्ताकडे जाताना तुकोबांचा हात सोडला नाही. अभंग, कीर्तन, भजन ही त्यांच्या भक्तीची स्वाभाविक भाषा राहिली. ‘ख्रिस्तायन’ या अपूर्ण राहिलेल्या काव्यात त्यांनी ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करावयास घेतले. 1917 मध्ये मिशनची वेतनी सेवा सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि त्याचे दार बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही उघडे ठेविले. काय ठेवावे आणि काय टाकावे, हे येथे दुसऱ्या कोणी ठरविले नाही. ज्याची संस्कृती होती, त्यानेच ते ठरविले. अर्थात टिळक विद्वान होते, कवी म्हणून मान्यता पावलेले होते. त्यांना दुसऱ्या कोणाच्या अनुज्ञेची वाट पाहावी लागली नाही. भंडारच्या भूमिहीन सतनाम्याला तो अवसर कोण देणार होते?

या कथेची एक कडी अमेरिकेत आहे. लोर यांचे कार्य 1884 मध्ये उत्तर अमेरिकेतील इव्हँजेलिकल सिनड या जर्मन वंशाच्या मंडळीकडे गेले. त्याच मंडळीत वाढलेले धर्मपंडित रिचर्ड नीबुर यांनी 1951 मध्ये ‘ख्रिस्त आणि संस्कृती’ या विषयावर एक ग्रंथ लिहिला, आणि तो जगभर वाचला गेला. ख्रिस्त संस्कृतीच्या विरोधात उभा आहे, की तिच्याशी एकरूप आहे, की तिच्याहून वर आहे. की या दोहोंत न सुटणारा ताण आहे, की ख्रिस्त संस्कृतीचे परिवर्तन करतो, अशी पाच उत्तरे त्यांनी मांडली आणि कोणतेही एक उत्तर अंतिम मानण्याचे नाकारले.

रायपूरचा प्रसंग या पाच उत्तरांच्या आधी येणारा एक प्रश्न शिकवितो. ख्रिस्त संस्कृतीचे काय करतो, हे सांगण्यापूर्वी ती संस्कृती जगणाऱ्या माणसाच्या लेखी तिचा अर्थ काय, हे त्यालाच विचारावे लागते. घासीदासांच्या अनुयायांनी जानवे कोणाला भिण्यासाठी घातले नव्हते. भीती संपावी म्हणून घातले होते. ते उतरविण्यापूर्वी कोणी क्षणभर थांबून, ‘हे तुम्ही का घातले?’ एवढेच विचारले असते, तर पुढे काय घडले असते हे सांगता येत नाही. परंतु समतेचे तत्त्व घेऊन निघालेली ती दोन माणसे त्या दिवशी एकमेकांना अधिक ओळखती झाली असती, एवढे खास.