बेने इस्रायल समाज : समान दर्जाचा लढा

कोकणात तेल गाळण्याचा व्यवसाय करणारा व शनिवारी घाणा बंद ठेवणारा मराठीभाषक बेने इस्रायल समाज ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला जाई. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग उभारले. कोचीनच्या ज्यूंनी त्यांना धर्मशिक्षण दिले. बगदादी ज्यूंनी मात्र त्यांच्याशी विवाहसंबंध टाळले.

इस्रायलमध्ये स्थलांतरानंतरही हा प्रश्न सुटला नाही. तेथील धर्मपीठाने विवाहप्रसंगी त्यांच्या वंशाची चौकशी आवश्यक ठरविली. याविरुद्ध समाजाने संघटित आंदोलन केले. अखेर १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांचा समान दर्जा मान्य केला.

बहुविध समाजाचे ऐक्य एकरूपतेतून नव्हे, तर समान प्रतिष्ठेतून साकारते, हे यावरून स्पष्ट होते.