राजाच्या तिकिटावर 'जय हिंद'

माळ्यावरून जुन्या पत्रांचे गाठोडे खाली आले, की मुले आधी तिकिटांवर तुटून पडतात. तिकीट कापायचे, पाण्यात भिजवायचे, वहीत चिकटवायचे आणि पाकीट केरात! भगिनींनो, माझे सांगणे एवढेच, की ती कात्री जरा थांबवा. पुष्कळदा तिकिटापेक्षा त्यावरचा शिक्काच जास्त बोलतो.

टपालाचा शिक्का मुळात तिकीट पुन्हा कोणी वापरू नये म्हणून. मोठ्या पोस्टांत यंत्राने शिक्के पडू लागले, तेव्हा डावीकडे गावाचे नाव नि तारखेचा गोल आणि शेजारी तिकीट रद्द करणाऱ्या रेघा, असे त्याचे रूप झाले. मग कोणाच्या तरी ध्यानात आले, की नुसत्या रेघा कशाला, तेथे चार शब्दही बसतील. विलायतेत डिसेंबर १९१७ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, युद्धाचे कर्जरोखे घ्या असे सांगणारा शिक्का निघाला. हाच घोषवाक्याचा शिक्का. फुकटची जाहिरात, आणि तीही थेट घरात येणारी!

आपल्याकडचा सर्वांत मोलाचा असा शिक्का १५ ऑगस्ट १९४७ चा. त्या दिवशी देश स्वतंत्र झाला, पण स्वतंत्र भारताचे स्वतःचे तिकीट अजून निघालेले नव्हते. साडेतीन आण्यांचे, तिरंग्याचे पहिले तिकीट आले ते २१ नोव्हेंबरला. तोवर पत्रांवर आपल्या नाशिकच्या छापखान्यात छापलेली सहाव्या जॉर्ज बादशहाचीच तिकिटे लागत होती. टपाल खात्याने शिक्का मात्र नवा काढला, 'जय हिंद'! खाली बादशहाचा मुखवटा आणि त्यावर काळ्या शाईत जय हिंद. ही घोषणा नेताजींच्या आझाद हिंद सेनेची. त्या सेनेच्या अधिकाऱ्यांवर इंग्रज सरकारने लाल किल्ल्यात खटला सुरू केला होता तो नोव्हेंबर १९४५ मध्ये. पुरती दोन वर्षेही उलटली नाहीत, तोच सरकारी पोस्टमन तीच घोषणा दारोदार वाटू लागला. असे पाकीट हाती आले, की मला तर अंगावर काटा येतो.

आता ओळखायचे कसे? यंत्रात तारखेचा गोल बहुधा पाकिटाच्या कागदावर पडतो आणि तिकिटावर येतात ती घोषवाक्याची एकदोन अक्षरे. तिकीट सोडवले की तारीख गेली, गाव गेले, वाक्यही अर्धे गेले. उरलेले तिकीट पाहून कोणीही म्हणेल, हे पारतंत्र्यातले! म्हणून आधी अक्षरांचे तुकडे भिंगाखाली पाहावे, तिकीट खिडकीच्या उजेडात तिरपे धरावे. सरळ रेघ दिसली तर ती चौकटीची असेल, लहरीसारखी असेल तर साधा शिक्का. आणखी एक घोटाळा होतो. २१ नोव्हेंबरच्या तिकिटावर 'जय हिंद' ही अक्षरे चित्राबरोबरच छापलेली आहेत. तो शिक्का नव्हे. शिक्क्याची शाई चित्राच्या वरून जाते, तिकिटाचे दाते ओलांडते आणि कागदावर उतरते.

तिकिटाची किंमतही मदतीला येते. आणे लिहिलेले तिकीट १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे सुरू होण्यापूर्वीचे. पण त्यावरून तिकीट केव्हाचे एवढेच कळते. पत्र केव्हाचे, ते शिक्काच सांगतो.

पाकीट सबंध ठेवणे सर्वांत चांगले. ठेवायला जागा नसेल तर तिकीट, शिक्का नि तारखेचा गोल एकत्र येईल एवढा कागद कापावा; पाणी मुळीच लावू नये. आपल्यापैकी कोणाकडे १९४७ सालची पाकिटे असतील, तर पुढच्या बैठकीला अवश्य घेऊन या. भिंग मी आणीन.