पेपर अँड कॅरट

फ्रेंच चित्रकार डेव्हिड रेव्हॉय यांची २०१४ पासून इंटरनेटवर प्रसिद्ध होणारी मुक्त परवान्याची चित्रकथामाला. हेरेव्हा या कल्पित जगातली पेपर ही धांदरट छोटी चेटकीण आणि कॅरट हे तिचे नारिंगी मांजर ही यातली मुख्य पात्रे. रेव्हॉय यांनी त्यापूर्वी ब्लेंडर फाउंडेशनच्या ‘सिंटेल’ (२०१०) या मुक्त अ‍ॅनिमेशनपटासाठी काम केले होते.

कथा गोड आहे. पण मालेचे खरे महत्त्व तिच्या परवान्यात आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेय’ परवान्यानुसार मूळ कर्त्याचे नाव दिले की कोणीही ती छापावी, बदलावी, विकावी. परवानगी नको, मानधनाची सक्ती नाही. क्रिटा या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये रंगवलेल्या मूळ फाइलीही, थरांसकट, खुल्या आहेत. त्यामुळे स्वयंसेवकांनी अनेक भाषांत अनुवाद केले, तर मोरेव्हना प्रोजेक्ट या रशियन गटाने सहाव्या भागाचा अ‍ॅनिमेशनपट केला.

२०१६ मध्ये ग्लेना या मोठ्या फ्रेंच प्रकाशनसंस्थेने याच परवान्याच्या आधारे माला पुस्तकरूपात आणली. कलावंताचे हे शोषण नव्हे का, असा वाद फ्रान्समध्ये झाला. रेव्हॉय यांनी मात्र प्रकाशकाची बाजू घेतली. ग्लेनाने रॉयल्टीऐवजी आश्रयदाता म्हणून पैसे दिले होते. आणि मालेचा खर्च मुळात वाचकांच्या ऐच्छिक वर्गणीवरच चालतो. म्हणजे पैसे प्रतीचे नव्हेत, पुढच्या भागाचे.