मातृभाषेची तीन दारे

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून, असे ठराव तिथे झाले. हे आपण वर्गात शिकवतो. पण त्याच काळात वर्ध्याला लागू होणारे कायदे कोणत्या भाषेत होत होते, हा प्रश्न सहसा विचारत नाही.

वर्धा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. १९३५ च्या कायद्यानुसार प्रांतिक विधिमंडळांचे कामकाज इंग्रजीत चालवायचे होते. ज्या सभासदाला इंग्रजी येत नाही किंवा पुरेसे येत नाही, त्याला दुसरी भाषा वापरण्याची सोय होती. म्हणजे मराठी तिथे हक्काची नव्हती, सवलतीची होती.

हा फरक हाँगकाँगमध्ये अधिक ठळक दिसतो. १८४२ च्या तहाने ते बेट ब्रिटिशांकडे गेले. बहुतेक रहिवासी चिनी, राज्यकारभार मात्र इंग्रजीत. विद्यार्थ्यांनी व नागरिकांनी चळवळ केली. सरकारने १९७० मध्ये समिती नेमली आणि १९७४ मध्ये चिनी भाषा राजभाषा झाली. तहानंतर १३२ वर्षांनी! तरीही कायदे इंग्रजीतच होत राहिले. नवे कायदे दोन्ही भाषांत करण्याची तरतूद १९८७ मध्ये आली.

शाळा, कचेरी आणि कायदा अशी ही तीन दारे आहेत. एक उघडले म्हणून दुसरे आपोआप उघडत नाही. कायद्याचे दार सर्वात जड. त्यासाठी नेमके शब्द घडवावे लागतात. शिवाय दोन भाषांतल्या मजकुरांत फरक पडला, तर ग्राह्य कोणता हेही ठरवावे लागते. पण दंड ज्याला भरायचा, त्याला नियम वाचता यायला नको का?

स्वातंत्र्यानंतर वर्धा मध्य प्रदेशात असताना, १९५० मध्ये, हिंदी व मराठी तिथल्या राजभाषा झाल्या. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा. उच्च न्यायालयाचे कामकाज मात्र आजही इंग्रजीत चालते.

वर्गात एक करून पाहता येईल. मुलांना घरून सातबारा, वीजबिल, बँकेचा अर्ज, औषधाचे वेष्टन आणायला सांगावे. फळ्यावर दोन रकाने करावेत: भाषा कोणती, आणि घरातल्या मोठ्यांना ती वाचून कळते का? सातबाऱ्यापुढे पहिल्या रकान्यात 'मराठी' येईल. दुसऱ्यात काय येते, यावर आपण मुलांशी बोलू या.