नांगराच्या कारखान्यातले मासिक

लोखंडी नांगर घडवणे अवघड होतेच, पण तो विकणे त्याहून अवघड होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात पहिले नांगर तयार केले, तेव्हा गावोगाव एक समजूत पक्की होती. लोखंडाचा नांगर फिरला की मातीत विष कालवते आणि जमीन नासते, असे लोक मानत. लाकडी नांगराच्या टोकाला लोखंडी फाळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता, त्याचे कुणाला काही वाटत नसे. पण अख्खा नांगरच लोखंडाचा म्हटल्यावर शेतकरी हात आखडता घ्यायचा.

त्याला दोष देण्यात अर्थ नाही. लाकडी नांगर माती फोडतो. लोखंडी नांगराचा वळवलेला पत्रा तीच माती उचलून पालथी घालतो, हरळीच्या आणि कुंद्याच्या खोल मुळ्या उघड्या पडतात आणि उन्हाळ्याच्या उन्हात वाळून जातात. एकदा डोळ्यांनी पाहिले की हे पटते. पण प्रत्येकाच्या बांधावर जाऊन ते दाखवणार कोण? शिवाय हा नांगर जड, ओढायला जास्त बैल लागायचे, आणि गावच्या सुताराला बलुते घालून मिळणाऱ्या नांगराच्या मानाने पैसेही रोख मोजावे लागायचे. ‘आमचा नांगर उत्तम’ एवढे वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापून ही शंका फिटणारी नव्हती. ज्या मालाचे आधी कारण समजावून सांगावे लागते, त्याला जाहिरात तोकडी पडते.

या अडचणीतून धंद्याला एक नवीच सवय लागली. गिऱ्हाइकाला उपयोगी पडेल, वाचावेसे वाटेल असे काही कारखान्यानेच नियमाने लिहायचे, छापायचे आणि त्याच्या घरी पोचवायचे. आज लहानमोठे सगळेच व्यावसायिक हे करू पाहतात. मराठीत या सवयीचे मूळ शोधू गेलो की वाट नांगराच्या कारखान्याकडे जाते. आणि हा योगायोग म्हणावा की आणखी काही, पण जगातल्या अशा सर्वांत जुन्या आणि अजून चालू असलेल्या नियतकालिकांपैकी एक, तेही नांगरवाल्यांचेच आहे.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात जॉन डिअर या लोहाराने १८३७ मध्ये पोलादी नांगर केला. तिथली काळी चिकट माती ओतीव लोखंडाच्या नांगराला धरून बसायची, गुळगुळीत पोलादावरून मात्र ती घसरायची. पुढे त्याचा मुलगा चार्ल्स डिअर याच्या कारकिर्दीत, १८९५ साली, कंपनीने ‘द फरो’ नावाचे पत्र काढले. फरो म्हणजे नांगराचे तास. पहिल्या काळात त्यात कंपनीच्या जाहिराती भरपूर असत, पण हळूहळू पानांवर शेतकरीच आला. त्याची जमीन, त्याचे प्रयोग, त्याचे हिशोब यांना जागा मिळत गेली. सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली, पत्र चालूच आहे.

फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंनी हेच वेगळ्या अंगाने केले. त्यांचा धंदा टायरचा, आणि १९०० साली साऱ्या देशात मोटारी ३,००० सुद्धा नव्हत्या. त्यांनी ३५,००० प्रती छापून एक मार्गदर्शिका फुकट वाटली. टायर कसा बदलावा, पेट्रोल कुठे मिळेल, मुक्कामाला खाणावळ कुठली, हे सगळे त्यात होते. लोक मोटार घेऊन लांब जाऊ लागले तर टायर झिजतील, एवढा सरळ हिशोब त्यामागे होता. १९२० पासून त्यांनी त्या पुस्तकाला किंमत लावली. ते लोकांनी विकत घेतले, यातच सगळे आले.

त्याच १९२० साली किर्लोस्करवाडीत ‘किर्लोस्कर खबर’ निघाले.

किर्लोस्करवाडी तेव्हा दहा वर्षांची होती. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांना कुंडल रोड स्टेशनाजवळ जमीन दिली. माळरान, निवडुंग, साप असा तो मुलूख. आजच्या सांगली जिल्ह्यातला. १९१० मध्ये तिथे कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती वसाहत. मुंबई-पुण्यापासून दूर अशा त्या जागी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर येऊन दाखल झाले. ते चित्रकला शिकलेले, हातात व्यंगचित्रकाराची रेघ आणि लिहिण्याची हौस. पुढे मराठी वाचकांनी त्यांना ‘शंवाकि’ या आद्याक्षरांनी ओळखले. कारखान्याच्या जाहिरातींचे काम त्यांच्याकडे होते. असा माणूस नांगराच्या कारखान्यात नेमका काय करणार, हा प्रश्न त्या काळी कुणालाही पडला असता. त्यांनी मासिक काढले.

नावाप्रमाणे ‘खबर’ ही आधी कारखान्याची खबरबात होती. पण शंकररावांना फार लवकर एक गोष्ट उमगली असावी, असे मासिकाची पुढची वाटचाल पाहून वाटते. शेतकरी नांगर घेतो तो कित्येक वर्षांतून एकदा. दर महिन्याला त्याला नांगराबद्दल सांगण्यासारखे कितीसे असणार? चरकाबद्दल, कडबा कापायच्या यंत्राबद्दल तरी किती? माल हाच विषय ठेवला तर सहा अंकांत लिहिणाऱ्याचाही दम संपतो आणि वाचणाऱ्याचाही. म्हणून विषय बदलला आणि माणूस केंद्रस्थानी आला. यंत्राला भिऊ नये, नशिबावर हवाला ठेवू नये, धंदा करायला लाजू नये, जुन्या समजुती तपासून पाहाव्यात, अशी एक सगळी विचाराची बैठक त्या मासिकाने धरली. लोखंडाने माती नासते ही समजूत ज्या मनात राहते, त्याच मनात बाकीच्या समजुतीही राहतात. मनच मोकळे करायला घेतले तर नांगराचीही वाट मोकळी होणार होती. मला यातली धंद्याची दृष्टी आणि समाजाची दृष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, आणि त्या काढू नयेत असेच वाटते.

मासिकाचे नाव पुढे नुसते ‘किर्लोस्कर’ झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे निघाली. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे, यंत्रयुगावरचे लेख ‘किर्लोस्कर’ने छापले. ते अनेकांना झोंबणारे होते. नांगर-चरक विकणाऱ्या घराने असे लेख छापणे म्हणजे गिऱ्हाईक दुखावण्याची जोखीम घेणे होते. ती जोखीम त्यांनी घेतली, म्हणूनच वाचकाने मासिकाला कारखान्याचे पत्रक न समजता मासिक समजले.

मग कारखान्याच्या पदरात काय पडले? ‘अमुक लेखामुळे अमुक नांगर खपले’ असा आकडा मांडता येत नाही. पण एखाद्या गावातले घर डोळ्यांपुढे आणा. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी सामान बांधायला जाते. मासिक महिनाभर घरात राहते, शेजारी मागून नेतो, सुट्टीत आलेला मुलगा वाचतो, आणि प्रत्येक वेळी मुखपृष्ठावर तेच नाव समोर येते. फाळ झिजला, नवा घ्यायचा झाला, किंवा इंजिन-पंप घ्यायची वेळ आली, तर दुकानात गेल्यावर तोंडात कुठले नाव येणार? शिवाय शिकलेल्या तरुणाने आडमाळावरच्या कारखान्यात नोकरीला का यावे, एखाद्या व्यापाऱ्याने एजन्सी का घ्यावी, हेही त्या पानांतून आपोआप सांगितले जात होते. जाहिरातीने ओळख होते, विश्वास बसायला मात्र सहवास लागतो, आणि तो सहवास मासिकाने दिला.

आमच्या भागात एक रोपवाटिकावाले आहेत. ते आठवड्यातून एकदा फोनवरून शेतकऱ्यांना चार ओळी पाठवतात. या आठवड्यात टोमॅटोच्या पानावर कुठले डाग दिसतील, कुठल्या डागाला औषध मारायचे आणि कुठल्याला पैसे घालवायचे नाहीत. स्वतःच्या रोपांची किंमत त्यात नसते. एकदा त्यांनी स्पष्ट लिहिले की, पाण्याची शाश्वती नसेल तर यंदा रोपे लावूच नका. त्या हंगामात त्यांची विक्री कमी झाली असणार. पण आज दूरदूरचे शेतकरी रोपांसाठी त्यांच्याकडेच येतात, आणि येताना रोगट पान पिशवीत घालून आणतात. ती पाने पाहून त्यांना पुढच्या आठवड्याचा विषय मिळतो. शंकररावांचे नाव त्यांनी ऐकले आहे की नाही कोण जाणे, काम मात्र त्याच कुळातले आहे.

जे फसतात ते बहुधा दोन जागी फसतात. काहीजण प्रत्येक मजकुराच्या शेवटी माल पुढे सरकवतात, मग वाचणारा पुढच्या वेळी शेवटापर्यंत येतच नाही. काहीजण उत्साहाने सुरुवात करतात आणि दिवाळीनंतर थांबतात. किर्लोस्करांकडे या दोन्ही गोष्टी टळल्या, याचे श्रेय मी शंकररावांइतकेच लक्ष्मणरावांना देतो. ओतशाळेतल्या प्रत्येक पैशाचा हिशोब ठेवणाऱ्या यंत्रज्ञाने, ज्याचा नफा मोजून दाखवता येत नाही अशा कामाला माणूस, कागद आणि छापखाना दिला, आणि वर्षानुवर्षे दिला. घरातल्याच माणसाला पूर्णवेळ त्या कामावर बसू दिले. आज एखाद्या उद्योजकाला मी सांगेन की, लिहायचे असेल तर आधी लिहिणारा नेमा, त्याला दुकानातली उधारी वसूल करायला पाठवू नका, आणि दोन-तीन वर्षे विक्रीचा आकडा त्याच्यापुढे धरू नका.

एवढ्या मोकळीकीत वाढलेले मासिक घरापुरते राहत नाही. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ कारखान्यापासून इतके स्वतंत्र झाले की महाराष्ट्रातल्या हजारो घरांत नांगर नव्हता पण अंक होता. शहरातल्या, शेतीशी काडीचा संबंध नसलेल्या वाचकांनी तो वर्गणी भरून घेतला. ‘स्त्री’ने बायकांच्या शिक्षणाचे, लग्नाचे, कमाईचे प्रश्न मांडले. १९६४ मध्ये विद्या बाळ ‘स्त्री’च्या संपादन विभागात आल्या, ऐंशीच्या दशकात संपादक झाल्या, आणि तिथून बाहेर पडल्यावर १९८९ मध्ये त्यांनी पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले.