इनामगाव (पुरातत्त्वीय स्थळ)

इनामगाव हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या तीरावर असलेले ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे स्थळ आहे. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळात येथे शेतकऱ्यांची सलग वस्ती होती. महाराष्ट्रातील आद्य शेतकरी समाजाची घरे, शेती, सत्ता, श्रद्धा आणि दफनविधी यांची सर्वांत तपशीलवार माहिती या स्थळाच्या उत्खननातून मिळाली आहे. या समाजाला लिपी अवगत नव्हती. त्यामुळे त्याचा इतिहास घरांच्या पायांवरून, धान्याच्या पेवांवरून आणि पुरलेल्या सांगाड्यांवरून वाचावा लागतो.

पार्श्वभूमी

नाईल, तैग्रिस-युफ्रेटीस आणि सिंधू या नद्यांच्या खोऱ्यांत नगरे, लेखनकला व राजसत्ता उदयास आल्या. दख्खनच्या नद्यांकाठी त्यानंतर शेतीची गावे वसली. तापीच्या तीरावर प्रकाशे, प्रवरेच्या तीरांवर जोर्वे, नेवासे व दायमाबाद आणि घोड नदीच्या तीरावर इनामगाव ही त्यांतील प्रमुख स्थळे होत. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे सिंधू लिपीतील चिन्हे असलेल्या मातीच्या मुद्रा मिळाल्या आहेत. यावरून उत्तर-हडप्पा काळातील लोकांचा प्रवरा खोऱ्याशी संबंध आला होता, हे स्पष्ट होते.

संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि त्या गावावरून या संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव मिळाले. चाकावर घडवलेली, उत्तम भाजलेली, तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगाने भौमितिक नक्षी काढलेली मृद्भांडी ही तिची ओळख आहे. लांब तोटीचे भांडे हा त्यांतील वैशिष्ट्यपूर्ण प्रकार होय. कोकण किनारपट्टी आणि विदर्भाचा काही भाग वगळता महाराष्ट्रात सर्वत्र या संस्कृतीची स्थळे आढळतात.

उत्खनन व कालखंड

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक हंगाम येथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांनी हे काम पाहिले. वस्तीचे तीन कालखंड मानले जातात :

माळवा संस्कृती – इ.स.पू. १६०० ते १४००
पूर्व जोर्वे – इ.स.पू. १४०० ते १०००
उत्तर जोर्वे – इ.स.पू. १००० ते ७००

वस्ती, शेती व व्यवसाय

उत्खननात शंभराहून अधिक घरांचे अवशेष उघडकीस आले. पूर्व जोर्वे काळातील घरे आयताकृती, प्रशस्त आणि कुडाच्या भिंतींची होती. त्यांची मांडणी ओळीने असून मध्ये बोळ सोडलेले होते. घरात चूल, धान्य साठवण्याचे पेव आणि कणगी ठेवण्यासाठी केलेले ओटे आढळतात.

जव हे मुख्य पीक होते. गहू, वाटाणा, मसूर, कुळीथ इत्यादी धान्येही पिकवली जात. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या पाळल्या जात. शिकार व मासेमारीही चाले. तांबे दुर्मीळ असल्याने रोजच्या कामासाठी गारगोटीच्या जातीच्या दगडाची छोटी पाती वापरत. कुंभार, सोनार, चुना भाजणारे आणि हस्तिदंताचे काम करणारे कारागीर वस्तीच्या पश्चिम कडेला राहत, तर सुस्थितीतील शेतकऱ्यांची घरे मध्यभागी होती. घरांच्या या मांडणीतून समाजातील प्रतिष्ठेची उतरंड दिसून येते.

सत्ता व समाज

वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर आढळले. त्याला लागून धान्याचे कोठार होते. पुराचे पाणी वळवून शेतीला देण्यासाठी खोदलेला पाट आणि त्याच्याजवळ दगडमातीचा बांधही उजेडात आला. हे काम एका कुटुंबाच्या आवाक्यातील नव्हते. माणसे एकत्र आणणारी, धान्य गोळा करून त्याचे वाटप करणारी कोणी अधिकारी व्यक्ती असली पाहिजे, असे अनुमान उत्खननकर्त्यांनी काढले. हा समाज ‘नायकप्रधान’ होता, असे त्यांचे मत आहे.

मोठ्या घराच्या अंगणात मिळालेल्या एका दफनाने या मताला बळ मिळाले. चार पायांच्या, फुगीर पोटाच्या मातीच्या रांजणात एका प्रौढ पुरुषाला मांडी घातलेल्या स्थितीत पुरले होते. इतर प्रौढांना मात्र जमिनीत खड्ड्यात आडवे पुरत. म्हणून ही व्यक्ती नायक असावी, असे मानले जाते. तथापि नायकाचे नाव, अधिकाराची मर्यादा किंवा तो वंशपरंपरेने चाले की कसे, हे सांगणारा लेखी पुरावा नाही. इजिप्तच्या फारोविषयी शिलालेख बोलतात; इनामगावच्या नायकाविषयी केवळ घर, कोठार व रांजण बोलतात. त्यामुळे येथे पुरावा आणि अनुमान यांतील भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

श्रद्धा व दफनविधी

मृतांना घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. लहान मुलांसाठी दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत. प्रौढांना उत्तरेकडे डोके करून उताणे पुरत आणि त्यांची पावले घोट्याखाली तोडत. मृताने घर सोडून जाऊ नये किंवा त्याचे भूत होऊन फिरू नये, ही त्यामागील समजूत असावी. रांजणातील पुरुषाची पावले मात्र तोडलेली नव्हती. सोबत वाडगे व तोटीची भांडी ठेवली जात. त्यावरून मरणोत्तर जीवनावरील विश्वास सूचित होतो.

एका घराच्या जमिनीखाली झाकण असलेली मातीची पेटी मिळाली. आत एक स्त्रीमूर्ती होती, तर झाकणावर मस्तक नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती व बैल ठेवलेला होता. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला छिद्रे असून काडीच्या साहाय्याने मूर्ती बैलावर बसवता येते. ही मातृदेवता असावी, असे अभ्यासक मानतात.

ऱ्हास

इ.स.पू. १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले, असे ढवळीकरांचे प्रतिपादन आहे. प्रवरा व गोदावरी खोऱ्यांतील बहुतेक वस्त्या तेव्हा ओस पडल्या. इनामगाव मात्र आणखी सुमारे तीनशे वर्षे टिकले. या काळात प्रशस्त घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली, मृद्भांड्यांचा दर्जा खालावला, शेतीपेक्षा शेळ्या-मेंढ्या आणि शिकार यांवरील भिस्त वाढली. इ.स.पू. ७०० च्या सुमारास वस्ती उठली.

महत्त्व

नगर, लिपी वा राजवाडा यांच्या अभावीही पाण्याचे नियोजन, धान्याचा सामूहिक साठा आणि व्यवसायांची विभागणी असलेला समाज उभा राहू शकतो, हे इनामगाव दाखवते. पावसाच्या लहरीवर उभा असलेला असा समाज किती नाजूक असतो, याचाही हा पुरावा आहे. ढवळीकरांनी ‘महाराष्ट्राची कुळकथा’ या पुस्तकात हा इतिहास सर्वसामान्य मराठी वाचकांसाठी मांडला आहे.